न्यू ऑर्लिन्समध्ये एक दिवस: आधी रात्रीचं तिकीट, मग सकाळचा नाश्ता

न्यू ऑर्लिन्सला जाऊन आलेल्या दहाजणांना विचारा, निम्म्यांचा दिवस एकाच पद्धतीनं फसलेला असतो. अकराला उठले, बाराच्या उन्हात बर्बन स्ट्रीटवर फिरले, कालच्या दारूचा वास घेतला, भूक लागली म्हणून समोर दिसेल तिथं भरपेट तळलेलं खाल्लं, तीन वाजता झोप अनावर झाली आणि रात्री नऊला संगीत ऐकायला निघाले तेव्हा तिकिटं संपलेली. शहर चांगलं असतं, क्रम चुकलेला असतो.

इथला दिवस रात्रीकडून मागे आखायचा. संध्याकाळचं संगीत आधी पक्कं करायचं, त्यासाठी अंगात जोर उरेल अशी दुपार ठेवायची आणि भटकंती सकाळच्या गारव्यात उरकायची. पुढचे टप्पे त्याच हिशेबानं दिले आहेत. आदल्या रात्री तुम्ही पोहोचलेले आहात आणि मुक्काम फ्रेंच क्वार्टरमध्ये (म्हणजे जुन्या गावभागात) किंवा कॅनाल स्ट्रीटच्या आसपास आहे, असं धरलं आहे. ह्यूस्टनहून गाडीनं येणाऱ्यांनी त्याच दिवशी पोहोचून हा बेत करू नये. साडेपाच-सहा तास गाडी चालवून आल्यावर रात्रीचा कार्यक्रम हमखास हातचा जातो.

टप्पा १: तारीख निवडा

ऑक्टोबरची अखेर ते डिसेंबरची सुरुवात, आणि फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हे दिवस बरे. जून ते सप्टेंबर म्हणजे मुंबईतला मे महिना, वर दुपारची वादळी सर. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, त्यामुळे या काळातलं हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या.

मार्डी ग्रा हा कार्निव्हलचा सण ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, म्हणून त्याची तारीख ३ फेब्रुवारी ते ९ मार्चच्या दरम्यान दरवर्षी सरकते. त्याआधीचे दोन आठवडे मिरवणुकांमुळे सेंट चार्ल्स रस्ता वरचेवर बंद होतो आणि स्ट्रीटकारचं, म्हणजे इथल्या ट्रामचं, वेळापत्रक कोलमडतं. मिरवणूक बघायची असेल तर जरूर जा, पण मग हा लेख बाजूला ठेवा. एप्रिलअखेर आणि मेच्या सुरुवातीला जॅझ फेस्ट असतो. तेव्हा खोल्यांचे भाव विचारू नका.

तपासा: सोमवार आहे का? जॅझ म्युझियम सोमवारी बंद असतं. उलट रेड बीन्स अँड राइस हा इथला सोमवारचाच पदार्थ. पूर्वी तो धुण्याचा वार होता आणि राजमा चुलीवर ठेवून दिला की आपला आपण शिजत राहायचा.

टप्पा २: घरून निघण्याआधीची कामं

प्रिझर्व्हेशन हॉलचं तिकीट ऑनलाइन काढा. पत्ता ७२६ सेंट पीटर स्ट्रीट. १९६१ पासून चालू असलेली, जॅझ ऐकायची ही लहानशी खोली आहे. संध्याकाळपासून एकामागून एक कार्यक्रम होतात, प्रत्येक सुमारे ४५ मिनिटांचा. शनिवार-रविवारची तिकिटं आधीच उडतात. संध्याकाळच्या सुरुवातीचा खेळ घ्या, कारण त्यानंतर तुम्हाला दुसरीकडे जायचं आहे. तिकिटाचा प्रकार नीट वाचा. बसायची जागा मोजकी असते आणि साधं तिकीट म्हणजे बहुतेकदा उभं राहणं. बरोबर आई-बाबा असतील तर दोन पैसे जास्त देऊन बसायचंच तिकीट काढा.

सेंट लुई नंबर १ हे १७८९ चं कबरस्तान पाहायचं असेल तर तेही आधी ठरवा. २०१५ पासून तिथं परवानाधारक गाइडशिवाय आत सोडत नाहीत. दारात जाऊन परत फिरणारे रोज दिसतात. एका दिवसाच्या बेतात ते बसवायचं तर टप्पा ५ मधली बागेतल्या बंगल्यांची फेरी सोडावी लागेल. दोन्ही करू म्हणाल तर दोन्ही अर्धवट होतील.

दुसऱ्या महायुद्धाचं राष्ट्रीय संग्रहालय या दिवशी नको. त्याला अर्धा दिवसही पुरत नाही.

खिशात काय हवं: एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा, दोघांत मिळून चाळीस-पन्नास डॉलर तरी. वाजवणाऱ्यांच्या बादलीत कार्ड टाकता येत नाही. मूळ ओळखपत्र हवं. भारतातून आलेल्यांनी पासपोर्ट बरोबर ठेवावा, फोनमधला फोटो बारच्या दारावर चालेलच असं नाही. शहराच्या बस आणि स्ट्रीटकारचं ‘ल पास’ हे ॲप उतरवून एक दिवसाचा ‘जॅझी पास’ तयार ठेवा.

बूट जुने, जाड तळाचे. काळे कपडे टाळा, कारण नाश्त्यात पिठीसाखर आहे.

टप्पा ३: दिशा समजून घ्या, नाहीतर दिवसभर उलटे चालाल

इथं कुणी पूर्व-पश्चिम सांगत नाही. मिसिसिपी नदी शहराला अर्धचंद्राकृती वळसा घालते, त्यामुळे होकायंत्र कामाचं नाही. ‘वेस्ट बँक’ म्हणतात त्या किनाऱ्यावरून क्वार्टरमध्ये सूर्य उगवताना दिसतो, यावरून काय ते समजा. दिशा चारच: नदीकडे, (पाँचरट्रेन) तळ्याकडे, अपटाउन म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला आणि डाउनटाउन म्हणजे खालच्या अंगाला.

कॅनाल स्ट्रीट ओलांडला की रस्त्यांची नावं बदलतात. क्वार्टरमधला रॉयल पलीकडे सेंट चार्ल्स होतो, बर्बन होतो करॉन्डलेट. रस्त्याच्या मधल्या दुभाजकाला ‘न्यूट्रल ग्राउंड’ म्हणतात आणि स्ट्रीटकार त्यावरूनच धावते. उच्चारांचंही तसंच. ‘चार्टर्स’ असं ऐकू येतं तो नकाशावर फ्रेंच वळणाचा ‘शार्त्र’ दिसणारा रस्ता. बर्गंडीचा जोर ‘गन्’वर. रिक्षावाल्याला ‘पुणे स्टेशन’ ऐवजी ‘पूना जंक्शन’ सांगावं तसं होतं, कळतं त्याला, पण हसतो.

टप्पा ४: साडेसातला बेन्ये, मग क्वार्टर

जॅक्सन स्क्वेअरसमोर डेकेटर स्ट्रीटवर कॅफे दु माँद आहे, १८६२ पासून. साडेसातला गेलात तर खुर्ची मिळते, साडेदहाला गेलात तर रांग. खाण्याचे पदार्थ जवळजवळ एकच, बेन्ये. चौकोनी, फुगलेले, आतून पोकळ, तळलेले आणि वर पिठीसाखरेचा ढीग. एका बशीत तीन येतात. दोघांत एक बशी घ्या. दुपारी खायचं आहे हे विसरून दोन बशा मागवणं ही दिवसाची पहिली चूक.

क्रम असा:

१. रांग नसेल तर रिकामं टेबल दिसलं की बसा, ते पुसलेलं नसलं तरी. वाढणारे येऊन पुसतात आणि ऑर्डर घेतात.
२. कॉफी ‘कॅफे ओ ले’ मागा, म्हणजे निम्मं गरम दूध. कॉफीत चिकोरी असते. दाक्षिणात्य फिल्टर कॉफी पिणाऱ्याला ती चव ओळखीची वाटेल. साखर वेगळी घालू नका, ती बशीत आहेच.
३. बेन्ये गरम असतानाच खा. पाच मिनिटांत ते चिवट होतात.
४. घास तोंडाशी नेताना श्वास आत घेऊ नका आणि समोरच्याला हसवू नका. साखर थेट घशात जाते आणि ठसका लागतो. चेष्टा नाही, टेबलाटेबलावर हे चालू असतं.

खाऊन झालं की इथंच स्वच्छतागृह वापरा. क्वार्टरमध्ये सार्वजनिक स्वच्छतागृहं जवळपास नाहीत आणि दुकानदार गिऱ्हाइकाशिवाय सोडत नाहीत.

मग मागच्या बांधावर चढून नदी बघा, खाली उतरून जॅक्सन स्क्वेअर आणि सेंट लुई कॅथीड्रल. आत प्रार्थना चालू नसेल तर दहा मिनिटं पुरतात. तिथून चार्टर्सनं डाउनटाउनच्या दिशेला जा आणि रॉयलनं परत या. सकाळी नऊच्या सुमाराला या गल्ल्यांत कुंड्यांना पाणी घालणारे आणि फुटपाथ धुणारे तेवढे असतात.

वर बघत चालायचं, पण एक गोष्ट ओळखून. लोखंडी नक्षीचा सज्जा फुटपाथवरच्या खांबांवर उभा असेल तर ती ‘गॅलरी’, भिंतीतून नुसता पुढे आला असेल तर ‘बाल्कनी’. आणि क्वार्टर ‘फ्रेंच’ असलं तरी आतले चौक, कमानी, जाड भिंती स्पॅनिश अमदानीतल्या वळणाच्या. १७८८ आणि १७९४ च्या आगींत जुनं गाव जळालं, तेव्हा राज्य स्पेनचं होतं. फाटक उघडं दिसलं तर आत डोकावा. वाड्याच्या चौकात शिरल्यासारखंच वाटतं, तुळशीच्या जागी कारंजं.

सावध: फुटपाथच्या विटा उखडलेल्या असतात. फोटो काढायचा तर थांबून काढा.

टप्पा ५: दहा वाजता हिरवी स्ट्रीटकार

सेंट चार्ल्स मार्ग १८३५ पासून चालू आहे, आणि हिरव्या गाड्या १९२० च्या दशकातल्या, लाकडी बाकांच्या, उघड्या खिडक्यांच्या. एकेरी भाडं सव्वा डॉलर, रोख देणार असाल तर नेमके सुटे हवेत.

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. कॅनाल स्ट्रीटवर ज्या लाल गाड्या धावतात त्या वेगळ्या मार्गाच्या. ‘स्ट्रीटकार आली’ म्हणून लाल गाडीत चढलात तर कबरस्तानांकडे किंवा सिटी पार्कला पोहोचाल. हिरवी गाडी कॅनाल आणि करॉन्डलेटच्या कोपऱ्यावरून सुटते. तिथूनच चढा, कारण पुढच्या थांब्यांवर ती भरून येते. पायऱ्या उंच आहेत. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना हात देऊन चढवावं लागतं.

वॉशिंग्टन ॲव्हेन्यूला उतरा. थांबे म्हणजे खांबावर पिवळी पाटी, बाकी काही नाही, त्यामुळे फोनवर नकाशा चालू ठेवा. उतरल्यावर नदीच्या दिशेनं चालत प्रिटेनिया स्ट्रीट गाठा आणि मग फर्स्ट स्ट्रीटपर्यंत जाऊन वळसा घालून परत या. हा गार्डन डिस्ट्रिक्ट. तासाभराची फेरी. मोठाले बंगले, आणि रस्त्यावर कमान करणारे ओक, ज्यांच्या फांद्यांवर मार्डी ग्राच्या मण्यांच्या माळा वर्षभर लोंबत असतात. या ओकच्या मुळांनी फुटपाथच्या फरश्या हातभर उचलल्या आहेत. तेव्हा इथं खाली बघून चाला.

कोपऱ्यावरचं लाफायेत नंबर १ कबरस्तान २०१९ मध्ये दुरुस्तीसाठी बंद केलं. उघडलं असेल असं गृहीत धरून बेत आखू नका, निघण्यापूर्वी खात्री करा.

नेहमीची चूक: ‘बसलोच आहोत तर शेवटपर्यंत जाऊ.’ टोकापर्यंत जाऊन परत यायला दीड तास सहज लागतो, आणि तोवर जेवणाची वेळ टळते.

टप्पा ६: जेवण, आणि शाकाहाऱ्यांनी विचारायचे प्रश्न

बारा ते एक. एक मोठा पदार्थ आणि एक चवीपुरता, एवढंच. गंबो म्हणजे इथला दाट रस्सा; मागायचा तर ‘कप’ मागा, ‘बोल’ नको. पो-बॉय म्हणजे लांब पावाचं सँडविच, ते अर्धं मागता येतं. मफलेटा हे गोल तिळाच्या पावाचं, ऑलिव्हच्या लोणच्याचं सिसिलियन सँडविच. अख्खं दोघांना, कधी तिघांनाही पुरतं.

पो-बॉय ‘ड्रेस्ड’ हवा का असं विचारतील. म्हणजे लेट्यूस, टोमॅटो, लोणच्याच्या काकडीच्या चकत्या आणि मेयोनीज घालायचं का. हो म्हणा. मासे खाणाऱ्यांसाठी कोलंबी, कालवं किंवा कॅटफिशचा पो-बॉय ही सुरक्षित निवड. मक्याच्या पिठात घोळवून कुरकुरीत तळलेलं असतं. मालवणी रवा लावलेली कोलंबी आठवेल, फक्त तिखटाचं काम टेबलावरच्या बाटलीकडे.

गंबो चांगला की बेतास बात, हे रंगावरून कळतं. तेल किंवा चरबी आणि मैदा जवळजवळ सारखे घेऊन मंद आचेवर सतत हलवतात. त्याला ‘रू’ म्हणतात. आधी बेसनाच्या लाडवासारखा रंग येतो, मग शेंगदाण्याच्या कुटासारखा आणि पाऊण तासानं चॉकलेटसारखा. काळे ठिपके दिसले की करपला, तो फेकूनच द्यायचा, कारण कडवटपणा पुढे कशानंही जात नाही. त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची ही इथली ‘ट्रिनिटी’ पडते. दाटपणासाठी भेंडी किंवा ससाफ्रास झाडाच्या पानांची पूड, ‘फिले’. ‘गंबो’ हा शब्दच भेंडीच्या आफ्रिकी नावावरून आलेला आहे. पुढ्यात आलेला गंबो फिकट आणि पिठूळ लागला तर रू घाईत झालेला आहे असं समजा.

आता शाकाहाऱ्यांचं. इथं ‘मीट नाही’ याचा अर्थ बऱ्याचदा ‘मांसाचा तुकडा वर ठेवलेला नाही’ एवढाच. रेड बीन्स दिसायला राजमा-भात, पण राजमाच डुकराच्या हाडाबरोबर किंवा सॉसेजबरोबर शिजवलेला. सॉसेज काढून द्या म्हटलं तर काढून देतात, रस्सा तोच. पालेभाजीतही तेच. हिरव्या पाल्यांच्या गंबोलाही नावावरून फसू नका, त्यात बहुतेकदा मांस असतं. सगळ्यात फसवा म्हणजे बटाट्याच्या फ्राइजचा पो-बॉय. यादीत अगदी निरुपद्रवी दिसतो, आणि वर ओततात ती ग्रेव्ही गोमांसाची.

म्हणून ‘व्हेजिटेरियन आहे का?’ हा एक प्रश्न पुरत नाही. तीन वेगळे प्रश्न विचारा:

१. शिजवताना हॅम, सॉसेज किंवा बेकन घातलं आहे का?
२. रस्सा किंवा ग्रेव्ही कशाच्या पाण्यात केली आहे?
३. तळायचं तेल कोलंबीचंच आहे का?

तिसऱ्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो’ येईल. कडक पाळणाऱ्यांनी दुपारचं जेवण आधीच शोधून, फोन करून ठरवावं. मांस वगळून केलेला मफलेटा काही ठिकाणी मिळतो. गोडात पेकन, साखर आणि लोण्याची प्रालीन चालते, उन्हाळ्यात स्नोबॉल म्हणजे भुरभुरीत किसलेल्या बर्फाचा गोळा. ब्रेड पुडिंगमध्ये अंडं असतं.

प्रालीनच्या दुकानात चवीला तुकडा मिळाला तर घ्या. गिऱ्हाइकाला वरून दिलेल्या अशा चिमूटभर गोष्टीला इथं ‘लान्याप’ म्हणतात. भाजीवाली पिशवीत शेवटी टाकते ती कोथिंबीर. बिलावर १८ ते २० टक्के टिप धरा. मोठ्या घोळक्याच्या बिलात ती आधीच लावलेली असते, तेव्हा वाचून सही करा.

टप्पा ७: दुपार राखून ठेवा

रॉयल स्ट्रीटचा काही भाग दिवसा वाहनांना बंद असतो, तिथं रस्त्यावर वाजवणारे बसतात. अर्धा तास ऐका, डॉलर टाका. पुढे एस्प्लनेड रस्त्याच्या टोकाला जुन्या टांकसाळीत जॅझ म्युझियम आहे, चारला बंद होतं. जॅझचा मोठा वादक लुई आर्मस्ट्राँग याचं पहिलं कॉर्नेट (ट्रम्पेटसारखं वाद्य) तिथं आहे. त्यानंतर हॉटेलवर जाऊन तासभर आडवे व्हा. लोक नेमकं हेच टाळतात आणि रात्री साडेनऊला पाय धरून बसतात.

उठल्यावर वेळ उरला तर कॅनाल स्ट्रीटच्या टोकावरून अल्जियर्सची फेरी बोट. काही मिनिटांत पलीकडे, आणि शहराचं समोरून दर्शन इतक्या स्वस्तात दुसरीकडे नाही. हलकं काहीतरी खाऊन घ्या. प्रिझर्व्हेशन हॉलमध्ये खाणं-पिणं मिळत नाही.

टप्पा ८: संगीत, ठरलेल्या क्रमानं

*आधी प्रिझर्व्हेशन हॉल.* वेळेच्या अर्धा तास आधी दारात उभे राहा. कार्यक्रम चालू असताना फोटो-व्हिडिओ नाही. मुलांना प्रवेश आहे, म्हणून लहान मुलं असतील तर त्यांची रात्र इथंच सुरू होते आणि इथंच संपते. ऐकताना कॉर्नेट किंवा ट्रम्पेट सूर धरून पुढे जातं, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढतं, ट्रोम्बोन खालून घसरत साथ देतं. एका वेळी एकाच वाद्याच्या मागे लागा. तिन्ही एकदम पकडायला गेलात तर नुसता गलका ऐकू येतो.

*मग फ्रेंचमेन स्ट्रीट.* चालत पंधरा मिनिटं, एस्प्लनेड ओलांडून. रॉयल किंवा डेकेटरनं जा. तळ्याकडच्या बर्गंडी-रॅम्पार्टच्या बाजूला रात्री वर्दळ कमी असते, तिकडून नको. शांत बसून ऐकायचं तर स्नग हार्बरचं तिकीट आधी काढावं लागतं. उभं राहून, नाचत ऐकायचं तर स्पॉटेड कॅट किंवा डी.बी.ए. बहुतेक बारमध्ये २१ वर्षांखालच्यांना घेत नाहीत. जरा मोठी मुलं बरोबर असतील तर बाहेरच थांबा. दारं उघडी असतात, फुटपाथवरूनही चांगलं ऐकू येतं.

आतले अलिखित नियम: एका बैठकीला माणशी एक पेय. ते सोडा असला तरी चालतं, पण काहीच न घेता भिंतीला टेकून उभं राहणं चालत नाही. बादली फिरते तेव्हा माणशी पाच डॉलर. तीच त्यांची कमाई. पुढच्या रांगेत गप्पा नकोत. दोनच जागा निवडा. दर दहा मिनिटांनी दार बदलणारा माणूस रात्रभर फक्त रांगा ऐकतो.

*बर्बन स्ट्रीट शेवटी, आणि वीस मिनिटं.* एकदा चालत जाऊन यायचं, एवढंच. रस्त्यावर पिणं कायदेशीर आहे, पण प्लास्टिकच्या पेल्यातून, काचेच्या नाही. ‘हरिकेन’ सरबतासारखं लागतं आणि आत भरपूर रम असते, तहान भागवायला घेऊ नका.

सावध: कुणीतरी येऊन पैज लावेल, ‘तुझे बूट तू कुठून आणलेस ते सांगतो.’ इंग्रजीत ‘गॉट’चा अर्थ ‘आणलेस’ही होतो आणि ‘आहेत’ही, त्यामुळे उत्तर ठरलेलं असतं: पायात आहेत, बर्बन स्ट्रीटवर आहेत. मग वीस डॉलर मागतो. थांबू नका, हसून पुढे व्हा.

परतताना गाडी बोलवायची तर फ्रेंचमेनच्या गर्दीत किंवा बर्बनवर उभे राहून बोलावू नका. बर्बन रात्री वाहनांना बंद असतो आणि ड्रायव्हर दोन चौक पलीकडे अडकतो. एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर या, नकाशावरची खूण तिथं सरकवा आणि बसण्यापूर्वी नंबरप्लेट वाचा.